आटे निमुळते की सरळ? पाइप जोडण्यापूर्वी एवढे पाहा

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंच्या विहिरीवर जाण्याचा प्रसंग आम्हांला आला. अर्धा एकर मिरची लावलेली होती आणि रोपे नुकतीच जीव धरू लागली होती. नेमका त्याच वेळी पंप पाणी धरेना. सुरू केला की घटकाभर पाणी यायचे, मग धार तुटायची आणि पंप कोरडाच घरघरत राहायचा. फुटव्हॉल्व्ह काढून साफ केला, पंपाचे सील बदलले, तरी गुण येईना. मेस्त्रींना संशय आला तो ओढीच्या पाइपावरील युनियनचा. त्यांनी युनियनच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेटोळे घातले आणि मोठ्या पान्याने आवळले. हवा ओढणे थांबले नाही म्हणून आणखी आवळले. शेवटी युनियनचे नटच तडकले.

नवे युनियन आणले तेव्हा त्याच्या तोंडाशी एक रबरी कडे दिसले. जुन्या युनियनमधले कडे कुठल्याशा दुरुस्तीत पडून गेले होते आणि ते कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. नवे युनियन हाताने बसवले, पान्याने जेमतेम पाव फेरा दिला आणि पंपाने पाणी धरले. कडे काही रुपयांचे होते. पण त्याच्यापायी चार दिवस गेले आणि मिरचीची कितीतरी रोपे उभ्या उभ्या माना टाकून गेली.

मेस्त्री कामचुकार नव्हते, त्यांनी घाम गाळला होता. पण युनियनचे आटे कोणत्या जातीचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. पाइपाच्या आट्यांच्या दोन जाती आहेत. एक जात स्वतः पाणी अडवते, दुसरी पाणी अडवतच नाही. दुसऱ्या जातीला पहिलीचा उपचार केला तर शक्ती, टेप आणि पैसा तिन्ही वाया जातात. हल्ली विहीर, बोअर, ठिबक, फवारणी, गोठा आणि स्वयंपाकघर अशा सर्वच ठिकाणी पाइप आला आहे. तेव्हा हा विषय मेस्त्रींवर सोडून न देता आपण स्वतः समजून घेतलेला बरा.

दोन जाती

पहिली जात निमुळत्या आट्यांची. पाइपाच्या टोकाकडे व्यास कमी आणि आत जावे तसा जास्त असतो. हा उतार ठरलेला आहे: १६ मिलिमीटर लांबीमागे व्यासात १ मिलिमीटर. अर्धा इंची पाइपावर कामाचे आटे सुमारे १३ मिलिमीटर असतात. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्यासात जेमतेम पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. तो सहजासहजी डोळ्यांना दिसत नाही, पण काम मोठे करतो. कुदळीच्या दांड्यात आपण पाचर ठोकतो तसेच हे आहे. पाइप सॉकेटमध्ये फिरवत जावे तसतसा तो आत रुतत जातो आणि आट्यावर आटा घट्ट दाबला जातो.

तरीही नागमोडी वाटेने थोडी फट उरतेच, कारण आट्याचे शिखर आणि समोरच्या आट्याची खाच तंतोतंत मिळत नाहीत. ती फट भरण्यासाठी सूत, लेप किंवा टेफ्लॉन टेप लागते. पाणी अडवण्याचे मुख्य काम पाचरीचे, आणि टेप तिला केवळ साहाय्य करते. पाचरच बसली नसेल तर टेपचे कितीही वेढे घाला, जोड काही दिवसांत गळू लागतो.

दुसरी जात सरळ आट्यांची. येथे व्यास पहिल्या आट्यापासून शेवटच्यापर्यंत सारखाच असतो. लोणच्याच्या बरणीचे फिरकीचे झाकण आठवा. झाकणाचे आटे बरणीला फक्त धरून ठेवतात. तेल बाहेर येऊ देत नाही ती झाकणातील चकती. सरळ आट्यांचे काम एवढेच: दोन भाग एकमेकांवर दाबून धरणे. पाणी अडवते ती मध्ये बसलेली रबरी चकती, कडे किंवा नीट घासून बसवलेले तोंड. युनियनचे मोठे नट, पाण्याच्या मीटरची जोडणी, नळाला लागणारी लवचिक नळी, फवारणी पंपाच्या नळीचे नट हे सर्व बहुधा या जातीचे असतात. येथे आट्यांवर टेप गुंडाळून काही साधत नाही. उलट टेपमुळे नट तिरके बसते आणि चकतीवर सारखा दाब पडत नाही.

आपल्याकडील लोखंडी पाइपाची नेहमीची जोडणी या दोहोंच्या मिलाफाची असते. पाइपाच्या बाहेरचे आटे निमुळते आणि सॉकेटच्या आतले आटे सरळ. घड्याच्या सरळ गळ्यात निमुळते बूच बसावे तसे ते बसते. भारतीय मानकांत या जोडणीसाठी आय. एस. ५५४ हे मानक आहे आणि ज्या जोडणीत आटे पाणी अडवत नाहीत तिच्यासाठी आय. एस. २६४३ हे वेगळे मानक आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत हीच विभागणी आयएसओ ७ आणि आयएसओ २२८ अशी आहे. चांगल्या प्रतीच्या सामानावर इंग्रजी 'आर' हे अक्षर असले तर जोड आट्यांवरच पाणी अडवणारा आहे असे समजावे. 'जी' असले तर आटे सरळ आहेत आणि चकती शोधावी.

एक इंची पाइप एक इंच का नसतो?

दुकानात जाण्यापूर्वी पुष्कळ जण पाइप टेपने मोजतात आणि तेथेच फसतात. एक इंची लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे ३३ मिलिमीटर भरतो, म्हणजे सव्वा इंचापेक्षाही थोडा अधिक. शेतकरी म्हणतो, 'सव्वा इंची सॉकेट द्या.' घरी आल्यावर ते सॉकेट पाइपावर सैल फिरते.

याचे कारण जुने आहे. पूर्वी पाइपाचे नाव आतल्या भोकावरून पडले. त्या काळी लोखंडाची जाडी अधिक असे. पुढे जाडी कमी झाली, पण जुने सॉकेट आणि जुन्या डाय चालाव्यात म्हणून बाहेरचा व्यास तोच ठेवला. त्यामुळे आज 'एक इंची' हे पाइपाचे केवळ नाव उरले आहे. आट्यांवरील बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये असा ध्यानात ठेवावा: अर्धा इंची सुमारे २१, पाऊण इंची २६, एक इंची ३३, सव्वा इंची ४२, दीड इंची ४८ आणि दोन इंची ६०. हे आकडे पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले तर बाजाराची एक खेप वाचेल. त्याहून सोपा उपाय म्हणजे जुना तुकडाच पिशवीत घालून नेणे.

आपले आटे आणि अमेरिकेचे आटे

एके काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचे नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सर्वांनी एकाच पद्धतीचे आटे पाडावेत अशी योजना मांडली. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. ब्रिटिश पाइपाचे आटे पुढे याच घडणीवर ठरले आणि इंग्रजी अमलात ते आपल्याकडे आले. दुकानदार ज्याला बी. एस. पी. म्हणतात ते हेच. अमेरिकेने मात्र आपली वाट वेगळी धरली. तेथे रॉबर्ट ब्रिग्ज यांनी आखलेली पद्धत १८८६ साली मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा. तिला आज एन. पी. टी. म्हणतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की ही दोन्ही कुटुंबे आज आपल्या शेतात भेटतात. पाइप आणि सॉकेट आपले असतात, पण परदेशी बनावटीचे तुषार सिंचनाचे फिरते नोझल, दाबमापक किंवा कॉम्प्रेसरचे सुटे भाग पुष्कळदा अमेरिकी आट्यांचे निघतात. गोव्याकडील आणि आपल्याकडील कित्येक घरांतील माणसे परदेशी आहेत. सुट्टीवर येताना कोणी बागेच्या नळीचे नोझल घेऊन येतो आणि ते इथल्या नळाला बसत नाही. अमेरिकेतील बागेच्या नळीचे आटे तर तिसऱ्याच प्रकारचे, सरळ, इंचाला साडेअकरा असतात. ते आपल्या पाऊण इंची नळावर बसल्यासारखे वाटतात आणि दोन फेऱ्यांत अडकतात.

इंचात किती आटे, हे येथे महत्त्वाचे आहे. आपल्या पद्धतीत पाव आणि पाऊणच्या खालील तीन-अष्टमांश इंचीला १९, अर्धा आणि पाऊण इंचीला १४, एक इंचीपासून पुढे ११. अमेरिकी पद्धतीत अनुक्रमे १८, १४, आणि एक ते दोन इंचीपर्यंत साडेअकरा. पाव इंची दाबमापक किंवा एक इंची नोझल चुकीचे असेल तर दोन-चार फेऱ्यांतच अडते आणि आपल्याला शंका येते. धोका अर्धा व पाऊण इंचीत आहे. तेथे दोन्हीकडे इंचाला १४च आटे आहेत, म्हणून परके नोझल आपल्या सॉकेटमध्ये निमूटपणे जाते आणि बसल्यासारखे वाटते. पण कोन वेगळा असल्यामुळे आटे एकमेकांना पुरते टेकत नाहीत. कमी दाबाला ते निभावते, दाब वाढला की झिरपू लागते. अशा वेळी अधिक आवळणे हा उपाय नव्हे. दोन पद्धतींना जोडणारा पितळी तुकडा मिळतो, तो आणावा किंवा आपल्या आट्यांचे नोझल घ्यावे.

ओळखावे कसे?

घरच्या घरी करण्यासारख्या तीन परीक्षा आहेत.

पहिली हाताची. टेप न लावता, पान्याशिवाय, पाइप सॉकेटमध्ये फिरवून पाहावा. तीन-चार आटे आत जाऊन तो आपोआप घट्ट होऊ लागला आणि काही आटे बाहेर उरले तर तो निमुळता. खांद्यापर्यंत सरळ फिरत गेला आणि शेवटी एकदम टेकला तर तो सरळ.

दुसरी डोळ्यांची. आत चकती बसण्यासाठी सपाट जागा किंवा खाच आहे का ते पाहावे. असेल तर चकती हवीच. खाच दिसते आणि चकती नाही, तर ती हरवली आहे असे समजावे.

तिसरी उजेडाची. आपल्याकडील माहितीतला निपल आणि नवा तुकडा यांचे आटे एकमेकांवर टेकवून उजेडाकडे धरावेत. एकाची शिखरे दुसऱ्याच्या खाचांत सगळीकडे सारखी बसली तर इंचातील आटे जुळले. एका टोकाला बसली आणि दुसऱ्या टोकाला फट दिसली तर जात वेगळी. अर्धा व पाऊण इंचीत ही परीक्षा पुरेशी नाही हे वर सांगितलेच आहे. तेथे सामानावरील अक्षरे वाचावीत आणि दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

निमुळता जोड कसा करावा?

प्रथम आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. आत मातीचा कण राहिला तर पाचर बसत नाही. टेप गुंडाळताना पाइपाचे तोंड आपल्याकडे धरावे आणि घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने वेढे घ्यावेत. उलट गुंडाळली तर सॉकेटमध्ये फिरवताना टेप सुटून येते. सर्वांत पुढचा एक आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचा तुकडा तुटून नोझलात किंवा ठिबकच्या तोटीत अडकतो. तीन-चार वेढे सामान्यतः पुरतात. सूत वापरायचे तर ते आट्यांच्या खाचेतून, फिरण्याच्या दिशेनेच ओढून बसवावे.

मग हाताने जाईल तेवढे फिरवावे आणि नंतर पान्याने दीड ते अडीच फेरे द्यावेत. बाहेर दोन-तीन आटे उरणे हे चांगल्या जोडाचे लक्षण आहे. सर्व आटे आत गेले तर डायने आटे गरजेपेक्षा लांब पाडले आहेत आणि पाचर रुतलीच नाही असे समजावे. सर्वांत मोठी चूक होते ती एल्बोचे तोंड जुळवताना. थोडे जास्त फिरले म्हणून आपण मागे फिरवतो. निमुळता जोड एकदा आवळून मागे फिरवला की पाचर सैल होते आणि टेप फाटते. तोंड जुळत नसेल तर जोड पूर्ण उघडावा, नवी टेप लावावी आणि पुन्हा बसवावा.

पाइपाचा दर्जाही येथे पाहावा लागतो. जस्ताच्या पाइपावर रंगाचे पट्टे असतात: हलक्याला पिवळा, मध्यमाला निळा, जड पाइपाला लाल. अर्धा इंची हलक्या पाइपाची जाडी २ मिलिमीटर, मध्यमाची २.६ आणि जडाची ३.२. आट्याची खोली सुमारे १.२ मिलिमीटर. म्हणजे हलक्या पाइपावर आटे पाडले की खाचेखाली एक मिलिमीटरही लोखंड उरत नाही. शिवाय आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि गंज तेथूनच सुरू होतो. जुना पाइप नेहमी सॉकेटच्या तोंडाशीच का तुटतो याचे उत्तर यात आहे. आटे पाडायचे तर निदान निळ्या पट्ट्याचा पाइप घ्यावा आणि जोड झाल्यावर बाहेर उरलेल्या उघड्या आट्यांना रंग द्यावा.

प्लॅस्टिकला पाचर सोसत नाही

प्लॅस्टिकच्या पाइपांनी आपले काम हलके केले, पण एक नवा धोका आणला. लोखंडाचा निमुळता निपल प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये आवळला की पाचर सॉकेटला बाहेरच्या बाजूला ताणते. लोखंडी सॉकेट हा ताण सोसते. प्लॅस्टिकचे त्या दिवशी सोसते, पण ताण कायम राहतो. दुपारचे ऊन, रात्रीचा गारवा, पंप बंद-चालू होताना बसणारे धक्के यांनी काही महिन्यांत त्याला उभी चीर पडते, आणि ती बहुधा आपण गावी नसताना पडते.

म्हणून नियम असा करावा: बाहेरचे आटे प्लॅस्टिकचे आणि आतले आटे धातूचे. त्याच्या उलट करावे लागले तर आत पितळी आटे बसवलेला प्लॅस्टिकचा जोड मिळतो, तो घ्यावा. प्लॅस्टिकचा जोड हाताने घट्ट करून पान्याने एक ते दीड फेऱ्यापेक्षा अधिक देऊ नये. टेपचे वेढेही थोडेच घ्यावेत. जाड टेप म्हणजे पाचर आणखी जाड करणे होय.

जी गळती दिसत नाही

टाकीकडे जाणाऱ्या पाइपाची गळती दिसते. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो, आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. ती गळतीही लहान समजू नये. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी जाते.

पंपाच्या ओढीच्या बाजूची गळती मात्र वेगळी. पंप चालू असताना तेथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि आपण दोष पंपाला देतो. पंप कोरडा फिरत राहिला तर सील तापते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. यावर सोपी परीक्षा आहे. पंप बंद करून ओढीचा पाइप पाण्याने पूर्ण भरावा आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ थांबावे. जेथे फडके ओले होते तेथे दोष. पंप चालू असताना संशयाच्या जोडावर साबणाचा फेस लावला तर तो आत ओढला जातो. ही परीक्षा करताना हात व सैल कपडे फिरत्या भागांपासून आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवावेत. दोष सापडला की आधी विचारावे: हा जोड पाचरीचा की चकतीचा? पाचरीचा असेल तर उघडून नवी टेप लावावी. चकतीचा असेल तर चकती बदलावी.

पिण्याचे पाणी आणि जुना लेप

आता आरोग्याकडे वळू. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी पाइपाच्या जोडाला सूत आणि सफेदा किंवा शेंदूर लावीत. जवसाच्या तेलात कालवलेला तो लेप उत्तम बसे. पण जुना सफेदा आणि शेंदूर ही शिशाची संयुगे आहेत. शिसे शरीरात साठते. रक्त कमी होणे, पोटदुखी, बद्धकोष्ठता ही त्याची लक्षणे असू शकतात, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते विशेष बाधक आहे. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक असे वैद्यकशास्त्राला आढळलेले नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा एका लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प ठेवली आहे ती यासाठीच.

तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या जोडाला शिशाचा लेप लावू नये. टेफ्लॉन टेप किंवा पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असे डब्यावर लिहिलेला लेप वापरावा. 'सफेदा' या नावाने आज निरनिराळे माल विकले जातात, म्हणून डबा वाचून घ्यावा. घरात जुने जोड असतील तर सकाळी रात्रभर साचलेले पाणी थोडा वेळ सोडून द्यावे, ते झाडांना घालावे आणि मग पिण्याचे भरावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही, हे घरातील सर्वांना सांगावे. टेपचे उरलेले तुकडे चुलीत टाकू नयेत, त्यांचा धूर अपायकारक असतो.

दुसरा धोका गळक्या जोडाचाच आहे. पाणी चालू असते तेव्हा जोडातून बाहेर थेंब येतो. पाणी बंद होऊन पाइप रिकामा होऊ लागला की त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. पाइप गटारीतून, उकिरड्याजवळून किंवा गोठ्याच्या मोरीतून गेला असेल तर काय आत जाते ते सांगायला नको. हुबळी-धारवाड येथे नळाच्या पाण्याचा एक अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. चोवीस तास पुरवठा असलेल्या भागापेक्षा थांबून थांबून पुरवठा होणाऱ्या भागातील नळांच्या पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू अधिक वेळा आढळले. आपल्या बहुतेक गावांत पाणी ठरावीक वेळीच येते. म्हणून गोठ्याजवळचा एक गळका जोड हा पाण्याच्या नासाडीचा प्रश्न आहे तसाच लेकरांच्या जुलाबाचाही आहे.

येथे एक इशारा देतो. हे सर्व पाण्याच्या पाइपांविषयी आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडणीत स्वतः हात घालू नये. ते काम गॅस पुरवणाऱ्यांच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

पंपघरात ठेवावे असे काही

एका जुन्या डब्यात टेपची दोन रिळे, आपल्या युनियनच्या मापाच्या चार-पाच रबरी चकत्या, एक तारेचा ब्रश आणि माहितीतला एक-एक अर्धा, पाऊण व एक इंची निपल ठेवावा. निपल हे आपले माप होय. दुकानात तेच न्यावेत आणि नवा तुकडा तेथेच हाताने फिरवून पाहावा. बसला तर घ्यावा. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन असावे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पाइप कापावा लागत नाही. पाइपाचे वजन जोडावर लोंबकळू देऊ नये, त्याला खाली दगडाचा किंवा लाकडाचा टेकू द्यावा.

मिरचीच्या त्या शेतात आता ही तयारी आहे. डब्यावर त्या बंधूंच्या मुलीने खडूने लिहिले आहे: 'आधी चकती पाहा.' युनियन उघडताना चकती खाली पडली तर ती प्रथम उचलून डब्यात ठेवायची, असा त्यांच्या घरचा नियम झाला आहे. पाना हाती घेण्यापूर्वी आपणही हा जोड पाचरीचा की चकतीचा हे आधी पाहावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.